आकारामच्या मागच्या चाकाला कोन हुतं

न्हाई, पर मी म्हनतो, आकाराम भ्याला, आकाराम भ्याला म्हनून जे तुमी चिडवत बसताय त्येला, तुमच्यापैकी एकानं तरी दहिवडीपास्नं वर्धनगडाच्या खिंडीपत्तूर मागं न बघता सायकल हानलीया का? मागं कोनतरी हाय हे ठाऊक असून? हानून बघा की एकदा… हितं पारावर बसून तंबाखू मळायची आन् म्हनायचं, जिंकला खरा पर घाबरून जिंकला. आरं, घाबरून तर घाबरून, जिंकला का न्हाई? मी धुळा, त्येचा सख्खा चुलतभाऊ. त्येनं ही गोष्ट माझ्याम्होरं इतक्यांदा सांगितलीया की आता मला वाटाय लागलंय त्या सायकलीवर मीच बसलो हुतो. तवा गप ऱ्हावा जरा आन् ऐका.

तर तुमाला सांगतो, लढाई सपली त्येच्या फुडल्या सालची गोष्ट, पौषातली. पेट्रोल मिळंना, मोटारी बंद, ज्येला त्येला सायकल पायजे, म्हनून सांगलीच्या सायकलवाल्या व्यापाऱ्यांनी मिळून शर्यत काढली. एका दिसाची न्हाई, तीन दिसांची. पयला दिस सांगली ते विटा, दुसरा विटा ते म्हसवड, तिसरा म्हसवड ते सातारा, आन् तिन्ही दिसांचा येळ एकात एक मिळवून ज्येचा कमी, त्यो जिंकला. गडी सगळं पगारी. तालमीत पैलवान पाळत्यात तसा एकेका दुकानदारानं एकेक गडी पाळल्याला, दूध-तूप घालून. आमच्या आकारामला भाऊसो म्हनून एक सांगलीचा दुकानदार हुता त्येनं ठेवल्याला. आन् शिकवायला वस्ताद कोन, तर नाथाजी. जलमभर कुस्त्या खेळल्याला मानूस, सायकलीवर एकदाबी बसला न्हाई, पडंल म्हनून भ्यायचा, पर सायकलीचं शिकवायचा मातूर असं की जनू ती त्येच्या बापानं काढलीया!

आन् शिकवायचा काय? तर सतरा गोष्टी सांगायचा आन् शेवटी एकच म्हनायचा, मागं बघायचं न्हाई. का? तर मागं बघितलं की मान वळती, मान वळली की हँडल वळतं, आन् मागच्याला कळतं ह्येला भ्या वाटाय लागलं. आता गंमत बघा, आमच्या माळावरली म्हातारी मानसं बी हेच सांगत्यात. एकट्या वाटंला पाठीमागं चाहूल लागली, कुनी नाव घेऊन हाक मारली, तरी मागं बघायचं न्हाई. म्हंजी वस्ताद म्हना, म्हातारी म्हना, दोगांचं एकच. आकारामला तर ते इतकं पाठ झालं हुतं की घरात बायकूनं पाठीमागनं हाक मारली तरी त्यो भिताडाकडं बघून बोलायचा.

बरं, शर्यतीत मेख काय असती ठाव हाय का? वारा. म्होरला गडी वारा फोडतो, त्येची छाती फुटती, आन् मागला त्येच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून बसला की त्येला आडोसा मिळतो, निम्म्या कष्टात येतो. म्होरला हमाल आन् मागला पावना. तवा हुशार गडी कोन, तर जो शेवटपत्तूर पावना ऱ्हातो. आकारामला खरी भीती एकाचीच, लालासाहेबाची. कृष्णाकाठचा गडी, उसाच्या रानातला, मांड्या अशा की धोतरं दोन लागावीत. सपाटीला त्येच्या म्होरं कुनाचं चालत न्हाई. आन् आमचा आकाराम हडकुळा, मेंढरामागं डोंगर चढून वाढल्याला, त्यो चढाचा राजा. पयल्या दिशी आकाराम लालासाहेबाच्या चाकाला चिकटून बसाय गेला तर त्यो बेरकी निघाला, वारा ज्या बाजूनं येतुया ते बघून रस्त्याच्या पार कडंला गेला, आडोसा द्यायचाच न्हाई म्हनला. आकाराम वाऱ्यात उघडा पडला आन् मागं ऱ्हायला. दुसऱ्या दिशी माळ लागला, चढउतार लागलं, आकारामनं गेल्याला निम्मा येळ फेडून काडला. म्हंजी तिसऱ्या दिशी काय ते खिंडीच्या चढाला.

आन् तिसऱ्या दिशी आकाराम अशा तयारीत हुता म्हनता… शर्यत म्हसवडाला थांबल्याली, आमची वस्ती तिथनं हाकेवर, म्हनून गडी घरात निजला, बायकूच्या हातची भाकरी खाल्ली, पहाटं नाथाजीनं नाडी बघितली, मांड्या दाबून बघितल्या आन् एवढंच म्हनला की आज ह्येला कुनी गाठत न्हाई. धुकं असं पडल्यालं की सोताचा हात दिसंना. सुटलं सगळं. गोंदवल्यापत्तूर लालासाहेबाच्या चाकाला पावना, दहिवडीपत्तूर पावना, आन् दहिवडीच्या फुडं चढाला आकारामनं पायडलावर उभं ऱ्हाऊन असा झटका दिला की लालासाहेबाच्या श्वासाचा भाता मागं मागं जात धुक्यात इरून गेला. ऐकू येईना झाला. आकाराम येकटा. धुकं, खडीचा रस्ता, बाभळी, आन् दुसरं कुनी न्हाई.

आन् मंग मागनं आवाज आला. टायरचा. खडीवर टायर चालतं तशी खसखस, आपल्या टायरची असती ना, तशीच, पर आपली न्हवं… आपल्या मागली, वीतभर अंतरावरली.

आकाराम म्हनला, लालासाहेबानं गाठलं. पर लालासाहेब असता तर श्वास ऐकू आला असता का न्हाई? त्यो मानूस बसल्या जागंला घोरल्यागत श्वास घेतो. हितं श्वासच न्हाई. चढाला, पौषातल्या थंडीत, मागचा गडी धापत न्हाई, फुंकत न्हाई, काई न्हाई. आता तुमी असता तर वळून बघितलं असतं. पर मागं बघायचं न्हाई! मंग आकारामनं शर्यतीतला डाव टाकला. सावकाश झाला, म्हंजी मागल्याला म्होरं यावं लागंल. मागला सावकाश झाला. आकाराम पार कडंला गेला, लालासाहेबानं शिकवल्यालं, आडोसा तोडला. खसखस कडंला आली. मधी आला, मधी आली. जोरात सुटला… व्हय, आली की. शेवटी त्येनं एक इचार केला, साखळी पडली असं दावायचं आन् खाली वाकून पायांमधनं बघायचं. आता पायांमधनं बघनं म्हंजी मागं बघनं का खाली बघनं? ह्येच्यावर त्येनं बराच येळ डोस्कं चालवलं, आन् खाली बघनंच हाय असं ठरवून वाकला. आन् दिसलं काय, तर एक चाक. दवानं भिजल्यालं, गरगर फिरतंय. त्येच्या वर काय हाय ते सोताच्याच सायकलीच्या गादीआड. नुसतं चाक दिसलं, त्येच्यापरास काईच दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

पुसेगाव सुटलं आन् धुकं उठलं. सूर्य पाठीशी, हे ध्यानात घ्या, गडी चाललाय मावळतीकडं आन् सूर्य उगवतीला, म्हंजी सावली म्होरं पडनार. पडली. एक आकारामची. आन् तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी. आन् त्या दुसऱ्या सावलीची मान डाव्या खांद्यावर कलल्याली. तशी मान साऱ्या माण तालुक्यात एकाच मानसाची हुती, आन् त्या मानसाचा दहावा आकारामनं सोता उभं ऱ्हाऊन केल्याला.

आता ते सांगाय पायजे. जोतिबा. आकारामचा जिवाचा दोस्त, आन् आमच्या भागातला पयला सायकलवाला. ल्हानपनी चिंचंवरनं पडला तवाधरनं मान वाकडी, पर सायकलीवर बसला की असला पावना की बास, शेवटचा टप्पा येईस्तवर कुनाच्या म्होरं जायचा न्हाई. आन् त्येची बायकू शालूबाई. लढाई लागली, जोतिबा पलटनीत गेला, बर्मात गेला, आन् तिकडनं माघारी आल्याली पोरं म्हनली, आमची सारी टोळी नदी उतरताना गेली, जोतिबा त्यात हुता. मढं काई गावलं न्हाई. दोन सालं वाट बघितली. मंग गावानं दर्भाचा जोतिबा केला, त्यो जाळला, आन् दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. आन् कावळा काई शिवंना. सूर्य डोक्यावर आला, कावळं झाडावर बसल्यालं, बघत्यात आन् शिवंनात. आईबापानं सांगून बघितलं, भावानं सांगून बघितलं, शेळ्यामेंढ्या बघतो म्हनून सांगितलं, न्हाईच. शेवटी आकाराम म्होरं झाला, हात जोडलं आन् म्हनला, जोतिबा, शालूची काळजी करू नगंस, मी बघतो. आन् तुमाला सांगतो, मी तितं हुतो, त्येचं तोंड मिटायच्या आत कावळा आला आन् पिंड उचलून गेला.

मंग काय, आमच्यात पाट चालतो, म्हंजी इधवा बाईचं दुसरं लगीन, पंचांनी इचार केला, साल उलाटल्यावर आकारामनं शालूबाईशी पाट लावला. कुनी वाकडं बोललं न्हाई, का बोलंल? खुद्द जोतिबानंच हो म्हनल्यालं. पोरगी झाली, रांगाय लागली. सोन्यासारखा संसार. आकाराम तर बायकूवर असा जीव टाकतो की लोकं हसत्यात.

आन् आता ही सावली.

तर बघा, आकारामनं सायकल हानत हानत इचार केला. भुताला सावली नसती. ह्येला सावली हाय. म्हंजी ह्यो जिता हाय. आन् जिता हाय म्हंजी… म्हंजी पाट खोटा. पंच म्हननार, पयला नवरा आला, बाई त्येची. पोरीला काय म्हनायचं? आन् दहाव्याला हो म्हनलं ते कोन, जोतिबा का एक भुकेजल्याला कावळा? गड्याला दरदरून घाम फुटला, चढाचा न्हवं, दुसराच. आन् तवा त्येनं देवाला हात जोडला, मनातल्या मनात, कारन हात हँडलावर हुतं. असलं मागनं सिद्धनाथाच्या देवळात आजवर कुनी मागितलं नसंल. म्हनला, देवा सिद्धनाथा, मागं भूत असू दे. जिता मानूस असू देऊ नगंस, भूतच असू दे.

आन् तेवढ्यात मागनं कोनतरी खाकारलं. संपलं की. भूत कवा खाकारतं का? आकाराम रडकुंडीला आला. मागं बघायचं न्हाई, पर बघायला उरलंय काय? जिताच हाय, सर्दीबी झालीया. आन् मंग खिंडीचा चढ लागला, आन् मागनं आला फ्रीचा आवाज. कट… कट… कट… आता तुमच्यापैकी ज्येनं सायकल चालवलीया त्येला सांगाय नगं. पाय थांबवून सायकल सोडून दिली की मागच्या चाकातली फ्री वाजती. उताराला वाजती. चढाला वाजती का? चढाला पाय थांबला की सायकल थांबती, मानूस पडतो. आन् हितं भर चढाला, आकाराम पायडलावर उभा ऱ्हाऊन जीव काडतोय, आन् मागचा पाय न हालवता, फ्री वाजवत, बसून येतोय! वीतभर अंतर तेवढंच.

तुमी म्हनाल, आता बोबडी वळली असंल. आवं, आकारामला बरं वाटलं. खरं सांगतो, त्येला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतनं पानी आलं. भूत हाय, देवानं ऐकलं! पर ती सावली? आन् खाकारनं? भूत, जिता, भूत, जिता… असं करत करत खिंड जवळ आली, आन् मंग त्येच्यानं ऱ्हावंना, त्यो मान न वळवता, म्होरं रस्त्याकडं बघत बोलला.

"जोतिबा, मी कावळ्याला इचारूनच केलं."

मागनं नुसतं कट कट कट.

"शालू सुखात हाय. पोरगी झालीया. तुला शर्यत पायजे तर ही घे, जा म्होरं. पर घराकडं येऊ नगंस गड्या. तेवढं माझं ऐक."

आन् त्येनं पाय सोडलं. ऐकताय का तुमी? तीन दिस रगात आटवल्याली शर्यत, खिंडीच्या तोंडाला, मागनं लालासाहेब येनार हे ठाव असून, त्येनं पाय सोडलं आन् कडंला झाला, मागल्याला वाट दिली. भ्याला म्हनताय न्हवं तुमी त्येला? सायकल पडायला आली तरी थांबला. पर म्होरं कुनी आलं न्हाई. सावली तितंच, खांद्याला खांदा. पावना तो पावना.

खिंड आली. वर एक मानूस निशान घेऊन उभा क्येल्याला, कोन पयला आला ते बघाय, त्येनं निशान हालवलं. आन् खिंडीच्या पलीकडं घाट सुटला, कोरेगावच्या अंगाला, वळनामागं वळान, सायकल अशी सुटली की डोळ्यांतनं वाऱ्यानं पानी. आन् तितं, भर उताराला, आकारामचा धीर सुटला. वस्ताद गेला खड्ड्यात, म्हातारी मानसं गेली खड्ड्यात, एकदा बघतोच तोंड, म्हनून त्येनं मान वळवाय घेतली… खांद्यापत्तूर आली असंल नसंल, आन् कानापाशी आवाज आला. त्योच. जोतिबाचा, तसाच घोगरा.

"म्होरं बघ."

म्होरं बघितलं तर वळान, वळनावर खडीचा ढीग सांडल्याला आन् मधोमध कडब्याची गाडी आडवी. बैलाच्या शिंगाच्या आन् दरीच्या कडंच्या मधी जेवढी जागा हुती तेवढ्यातनं आकाराम गेला. गाडीवानानं शिव्या घातल्या म्हनं, त्येनं ऐकल्या न्हाईत. त्येला ऐकू येत हुतं एकच. खसखस आता एकाच टायरची हुती. सोताच्या.

साताऱ्यात शर्यत जिंकला. भाऊसोनं फेटा बांधला, नाथाजीनं खांद्यावर घ्येतला, आन् ह्यो गडी फेट्यासकट लालासाहेबाची वाट बघत उभा. लालासाहेब आला, सायकलीवरनं उतरला, तर आकारामनं पयलंच इचारलं, घाटात तुला कोन दिसलं का? लालासाहेब पानी पीत म्हनला, मीच तुला इचारनार हुतो, लांबनं दोघं दिसत हुतात, तुझ्या मागं बसल्याला त्यो वाकड्या मानंचा कोन रं, आन् गेला कुठं? झालं, जिता. मंग खिंडीतला निशानवाला आला. त्येला इचारलं. त्यो म्हनला, तू येकटाच आलास की, येकटाच कायतरी बडबडत हुतास, मला वाटलं दमून डोस्कं फिरलं. झालं, भूत. आता तुमीच सांगा, मानसानं इस्वास ठेवायचा कुनावर?

दुसऱ्या दिशी घरी आला. शालूबाई चुलीपाशी भाकरी थापत हुती, पोरगी पाळन्यात. आकाराम फेटा काडून चुलीम्होरं बसला. सांगावं का न सांगावं, सांगितलं तर काय म्हनंल, न सांगितलं तर कसं जगायचं, असं चाललंय त्येच्या मनात. आन् तिनंच, तव्याकडं बघत, अगदी मीठ संपलं म्हनून सांगावं तसं सांगितलं.

"पयलं मालक आलं हुतं."

मंग तिनं सगळं सांगितलं. आकाराम पहाटं शर्यतीला गेला त्येच्या मागनं, धुक्यात, मेंढराच्या वाड्यापाशी सायकल घेऊन उभं. कुत्री भुंकली न्हाईत. आकारामनं घाईनं इचारलं, भुंकली न्हाईत म्हंजी भूत? ती म्हनली, न्हाईतर वळखीचं. पानी दिलं, त्येंनी तांब्या घेतला न्हाई, दारापाशी आलं पर उतरलंच न्हाईत, एका हातानं कुडाचं भिताड धरून सायकलीवरच हुतं. दारातनं पाळन्याकडं बघितलं. आन् एकच इचारलं, सुखात हायस का. ती म्हनली, हाय. तर म्हनलं, बरं, मंग आकाराम घाटात येकटाच असंल, त्येला खिंडीपत्तूर सोबत करतो. आन् गेलं.

एवढं बोलून तिनं डोळं पुसलं. धुरानं न्हवं, रडत हुती ती, आन् लपवत बी नव्हती. आकारामनं हळूच इचारलं, पाय बघितलंस का? सुलटं हुतं का उलटं?

"पायडलावर हुतं. एक म्होरं, एक मागं."

"आगं, पर जिता का मेल्याला?"

तिनं भाकरी उलटली, फुगंस्तवर थांबली, आन् त्येच्या ताटात टाकली.

"जितं असलं तर गेलं. मेल्यालं असलं तरी गेलं. मी सुखात हाय म्हनून सांगितलंय न्हवं त्येस्नी? मंग जेवा, गार हुतीया."

जेवला. काय करनार? भाऊसो अजून मागं लागलाय, फुडल्या सालीबी उतर म्हनून, आन् शालूबाई बी म्हनती उतरा. ह्यो न्हाई म्हनत न्हाई, व्हय म्हनत न्हाई. तेवढं एकच झालंय तवाधरनं, आकाराम कुठंबी बसला, पारावर म्हना, लग्नात म्हना, देवळात म्हना, पाठ भिताडाला टेकवूनच बसतो. म्हनतो, मागं बघायचं न्हाई ना, मंग मागं जागाच ठेवायची न्हाई.

तुमी हसा. मी बी तसाच बसतो आता.